दोन घरांत एक जागा

श्रमसाफल्य कॉलनीत हळबे आणि मगदूम यांच्या फाटकांच्या मधोमध, रस्त्याच्या कडेला, चौदा फूट आठ इंचांची एक जागा आहे. हा आकडा अंदाजपंचे नाही. श्रीनिवास हळबे सिटी सर्व्हेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी ती जागा टेप लावून तीन वेळा मोजली, आणि तिन्ही वेळा टेपचं दुसरं टोक धरायला पत्नीला, शालनताईंना, उन्हात उभं केलं. सात फूट दोन इंच हळब्यांच्या कुंपणासमोर, सात फूट सहा इंच मगदुमांच्या. या चार इंचांवरून दोन्ही घरांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

बोलणं नव्हतं, भांडण होतं. जागा धरून ठेवायला हळबे एक मोडकी खुर्ची ठेवत. मगदूम ती उचलून अदबीनं हळब्यांच्या फाटकाला टेकवत आणि तिच्या जागी सिमेंटचा ठोकळा मांडत. ठोकळा हळब्यांना उचलता यायचा नाही, म्हणून ते त्याच्यावर कुंडी ठेवत. तोंडानं बोलायची वेळ आलीच तर ते झाडाशी, कावळ्याशी, नाहीतर सरळ आकाशाशी.

"काही लोकांना सरकारी रस्ता सासऱ्यानं आंदण दिलाय!" हळबे जास्वंदीला सांगत.

"जन्मभर दुसऱ्याच्या जमिनी मोजल्या, खोड काय जायची न्हाई," बाबासाहेब मगदूम पखवाजाला कणीक लावता लावता पखवाजालाच सांगत. मगदूम साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. एकटेच राहत. आवाज मात्र चार माणसांचा.

आणि गंमत बघा, शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की हेच दोघे बुवांच्या मागे उभे. हळब्यांच्या हातात टाळ, मगदुमांच्या गळ्यात पखवाज. अकरा वर्षांत तिथे दोघांत अर्ध्या मात्रेचं अंतर पडलं नाही. देवासमोर लय एक आणि रस्त्यावर इंच चार! देवानंही आपली अशी लेकरं हसून पदरात घेतली असतील, दुसरं काय करणार?

सन २०४१च्या चैत्रात कॉलनीत 'सलोखा' आला.

तोवर गाड्या स्वतःच चालायला लागून बरीच वर्षं झाली होती. त्या माणसाला दारात उतरवायच्या आणि जागा शोधत फिरायच्या. पण गाड्या शहाण्या झाल्या तरी रस्ते काही रुंद झाले नव्हते. तेव्हा एका कंपनीनं हे यंत्र काढलं. प्रत्येक गाडीत काडेपेटीएवढी एक डबी. जागा एक आणि गाड्या दोन असल्या की दोन्ही डब्यांनी आपसांत बोलायचं, निकाल लावायचा, माणसांनी मधे पडायचं नाही. नियमही ठरला. दोन घरांत मिळून एक जागा. जिला जागा नाही तिनं मार्केट यार्डाजवळच्या मोठ्या तळावर जाऊन उभं राहायचं. आणि ठरलेल्या जागेशिवाय गल्लीत कुठल्याच वाहनानं क्षणभरही थांबायचं नाही, मग ती रिक्षा का असेना.

सलोख्याचं शास्त्र समजायला सोपं आहे. गाडी आधी आपल्या मालकाची गरज शंभरात मोजते. मग समोरचीला तिच्या मालकाची गरज विचारते आणि त्या गरजेला एका आकड्यानं गुणते. सगळी मेख त्या आकड्यात. आकडा शून्य म्हणजे मालकाला दुसऱ्याचं काहीच वाटत नाही. आकडा एक म्हणजे दुसऱ्याचं दुखणं त्याला आपल्याइतकंच दुखतं. कंपनीनं दहा शहरांतली हजारो माणसं तपासली. बहुतेकांचे आकडे शून्य पूर्णांक दोन ते शून्य पूर्णांक सहाच्या दरम्यान निघाले. एकाच्या वर फक्त आया सापडल्या, त्याही आपापल्या पोरांपुरत्या. पार्किंगच्या बाबतीत आयाही अर्ध्याच्या आतच होत्या. म्हणजे काय, तर दोन्ही गाड्या जागा मागणार हे धरूनच चालायचं. मागणाऱ्या दोघांत ज्याची गरज खरोखर मोठी त्याला जागा द्यायची, एवढं यंत्राला जमत होतं. दोघेही 'तुम्ही घ्या' म्हणाले तर काय, याचा विचार कुणी केला नव्हता. कशाला करतील?

आता हा आकडा काढायचा कसा? फॉर्मवर विचारलं तर सगळेच संत. म्हणून कंपनीनं चाळीस दिवस ठेवले. माणूस गाडीत बसून जे बोलतो आणि ज्याला मान डोलावतो ते त्याचं खरं मत, असं त्यांच्या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं. गाडी चाळीस दिवस ऐकणार, बघणार आणि मालकाचा स्वभाव शिकणार. कॉलनीतल्या लोकांनी ते चाळीस दिवस नेहमीप्रमाणे समोरच्या गाडीला, सिग्नलला आणि जावयाला शिव्या देण्यात घालवले. सगळ्यांचे आकडे अगदी निरोगी आले.

हळब्यांचं तसं नव्हतं. त्याच चाळीस दिवसांत शालनताईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. इस्पितळ गावाच्या दुसऱ्या टोकाला. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आणि गाडीत अखंड आष्टेकरबुवांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग.

"अरे, दारात दोघे आले, पाट एकच आहे," बुवा रंगात येऊन सांगत, "तर आपण पाटावरून उठावं. देव उभ्या माणसाशेजारी येऊन उभा राहतो!"

"वा बुवा! लाख बोललात!" हळबे मान डोलावत, डोळे पुसत. शेजारची गाडी मधे घुसली तर ती त्यांना दिसायचीसुद्धा नाही.

गाडी हे सगळं बघत होती.

सोमवारी सकाळी सलोखा सुरू झाला. हळबे बँकेतून आले, चौकात उतरले आणि गाडीला म्हणाले, "जा, आपल्या जागेवर लाग." ते घरी येऊन पाहतात तो जागा रिकामी. जागेच्या एका बाजूला त्यांची पांढरी गाडी, दुसऱ्या बाजूला मगदुमांची निळी. दोघींचे दिवे मंद लुकलुकत होते. मग पांढरी मागे सरकली. निळीही मागे सरकली. पांढरी वळसा घालून गल्लीबाहेर गेली. निळीही गेली. पाच मिनिटांनी दोघी परत आल्या, पुन्हा समोरासमोर आल्या, पुन्हा मागे सरकल्या. जेवणघरात दोन विहिणी 'आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही' करतात ना, तसं.

"घुस! घुस आत!" हळबे फाटकातून ओरडले.

"आपण रागात आहात, श्रीनिवासराव," गाडीनं जाता जाता काच खाली करून सांगितलं. "रागातला शब्द धरू नये."

पलीकडे मगदूमही आपल्या गाडीवर ओरडत होते. त्यांची गाडी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण मगदूम मटकन पायरीवर बसले एवढं हळब्यांनी पाहिलं. दुपारपर्यंत फेऱ्या चालल्या. चार्ज उतरला तेव्हा दोघी शेजारी शेजारी तळावर निघून गेल्या. मंगळवारी तेच. जागेवर एक कुत्रं झोपलं.

अकरा वर्षांत त्या जागेवर पहिल्यांदाच कुणी हक्क सांगत नव्हतं, आणि हळब्यांचा जीव टांगणीला लागला होता. कारण शनिवारी आष्टेकरबुवा येणार होते.

बुवा वर्षातून एकदाच येत. शालनताईंनी भूल देण्याआधी डॉक्टरांचा हात धरून विचारलं होतं, "मला बुवांच्या कीर्तनाला जाता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "जा. पण दारातून गाडीत, गाडीतून देवळाच्या पायरीशी. एका वेळी चाळीस पावलांच्या वर एक पाऊल नाही." त्या जागेवर गाडी आली तर शालनताईंना फाटकापासून अकरा पावलं पडत होती. रिक्षा थांबायची चौकात, तिथवर एकशे नव्वद. तीही हळब्यांनी मोजली होती. चाकांच्या खुर्चीचं नाव काढल्यावर शालनताई म्हणाल्या होत्या, "ढकलगाडीत बसून मी बुवांसमोर जायची नाही. न्याल तर बाईसारखी न्या, नाहीतर राहू दे."

राहू दे म्हणाल्या खऱ्या, पण हिरवी साडी सोमवारपासून इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवली होती.

बुधवारी कंपनीची इंजिनिअर आली. तेजल कुंभोजकर तिचं नाव. तिनं ओसरीवर बसून हातातल्या पाटीवर बराच वेळ काहीतरी तपासलं. शालनताईंनी भडंगाची बशी पुढे केली आणि काठी टेकत आत गेल्या.

"काका, तुम्ही गाडीत काय ऐकता?"

"कीर्तन. दुसरं काय ऐकणार?"

"आणि बोलता काय?"

"कीर्तनात मधे कोण बोलतं, बाळ? फार तर 'वा बुवा' म्हणतो."

"चाळीस दिवसांत एक हजार आठशे वेळा म्हणालाय," तेजल म्हणाली. "गाडीला वाटलं, हे तुमचं मत."

"मत आहेच की!"

"मग गाडी तेच करतेय, काका."

हळब्यांनी भडंगाचा घास तोंडाकडे नेला होता. तो तसाच बशीत परत ठेवला.

"तुमचा आकडा दोन पूर्णांक एक आहे," तेजल म्हणाली. "आमच्या पट्टीवर एकाच्या पुढे घरंच नव्हती. ऑफिसला सांगून पट्टी लांब करून घ्यावी लागली. दोघांपैकी एकाचा तरी आकडा एकाच्या आत असता तर काही प्रश्न नव्हता."

"दोघांपैकी? म्हणजे शेजारी... त्यांचा किती?"

"दोन पूर्णांक चार. त्यांच्याही गाडीत कीर्तनच चालू असतं."

आतल्या खोलीतून शालनताईंचं हसू ऐकू आलं. हळबे ताठ बसले. "शक्य नाही. त्यानं माझ्या तुळशीच्या कुंडीवर गाडी घातलीय! दोन-चार? त्या माणसाचा? तेजल, माझा जरा वाढवून मिळेल का?"

"अहो!" शालनताई आतून ओरडल्या. "आकडा वाढला तर गाडी आणखी लांब पळेल! तो कमी करायला बोलावलंय तिला!"

तेजलनं हसू दाबलं. "दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे गाडीत बसायचं आणि शांतपणे, स्वतःच्या आवाजात तीनदा म्हणायचं, 'मी जे ऐकत होतो ते माझं मत नाही.' आकडा आपोआप शून्य पूर्णांक चारवर येतो. मग जागा तुमची."

"आणि दुसरा?"

"दोन्ही घरांतलं एकेक मोठं माणूस जागेजवळ एकत्र उभं राहतं. एक म्हणतं 'दिली', दुसरं म्हणतं 'घेतली'. मग आकडा काहीही असो, गाडी ऐकते. पण हा उपाय आम्ही माहितीपत्रकात छापलेला नाही." ती जरा ओशाळली. "शेजारी एकत्र उभे राहायला लागले तर आमची गरज काय?"

हळब्यांनी क्षणाचाही विचार न करता पहिला उपाय निवडला.

"मला एक सांग," ते तिला फाटकाशी सोडायला गेले तेव्हा म्हणाले, "आमच्याकडे गुडघे आहेत. त्याला कसली एवढी गरज, की माझी गाडी त्याला जागा सोडते?"

"ते मला सांगता येत नाही, काका. गाड्या एकमेकींना सांगतात, माणसांना नाही. तुम्ही त्यांनाच विचारा की."

"मी? त्याला?"

यात अवघड काय आहे, अशा नजरेनं तेजलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती मगदुमांच्या फाटकाकडे वळली.

शुक्रवारी सकाळी हळबे मार्केट यार्डाच्या तळावर गेले. तळ अर्धा मोकळा होता. तरीही पांढरी आणि निळी शेजारी शेजारी भर उन्हात उभ्या होत्या. सावलीच्या जागा त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी सोडल्या होत्या. हळब्यांनी कपाळाला हात लावला, गाडीत बसले आणि काच वर केली.

"बोला, श्रीनिवासराव."

"मी जे ऐकत होतो..."

"ऐकतेय."

"मी जे ऐकत होतो, ते..."

आठ शब्दांचं वाक्य, आणि पाच शब्दांवर गाडं थांबलं. त्यांना तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. पहिलं मूल पाळण्यातच गेलं होतं. शालननं आठ दिवस अन्नाला हात लावला नव्हता. नवव्या दिवशी तिला हाताला धरून ते देवळात घेऊन गेले. बुवा तेव्हा तरुण होते. त्या दिवशी बुवांनी काय निरूपण केलं ते हळब्यांना आज सांगता आलं नसतं, पण घरी आल्यावर शालन म्हणाली होती, "थोडा भात टाकू का? तुम्हीही जेवला नाहीत." त्या रात्रीपासून हळबे कीर्तनाचे झाले. आता तिच्याच गुडघ्यांसाठी म्हणायचं, की ते आपलं मत नाही? डबीला काय कळणार होतं? पण म्हणणारा तर आपणच ना!

"ते माझं मत..." त्यांनी डोळे मिटून जोर लावला.

"आहे?" गाडीनं उत्सुकतेनं विचारलं.

"आहे गं बाई, आहे!" हळबे रडकुंडीला येऊन म्हणाले.

"नोंद केली," गाडी म्हणाली. समोरच्या पडद्यावर आकडा दोन पूर्णांक दोन झाला.

हळबे खाली उतरले तर शेजारच्या निळ्या गाडीत मगदूम. काच बंद, ओठ हलतायत, चेहरा लालबुंद. मग त्यांनी हात जोडले, आणि दार उघडून तेही बाहेर आले. दोघे गाड्यांच्या मधल्या हातभर जागेत समोरासमोर आले. पळायला वाट नव्हती.

"काही लोकांना जमलं असेल," मगदूम आकाशाकडे बघून म्हणाले.

"काही लोकांना नाही जमलं," हळबे गाडीच्या टपाला म्हणाले.

मग मगदुमांना हसू फुटलं, ते पखवाजासारखं घुमलं. "आकडा कितीवर गेला, हळबे?"

"दोन-दोन. तुमचा?"

"दोन-सहा."

"तो कसा काय?"

"तिच्यावर खेकसलो. मग वाईट वाटलं, म्हणून माफी मागितली. लगेच वाढला की वो!"

अकरा वर्षांत हळब्यांनी मगदुमांचं नाव थेट घेतलं नव्हतं. ते आता घेताना त्यांना जीभ अनोळखी वाटली. "मगदूम, एक विचारू? तुम्हाला ती जागा कशाला हवी हो?"

मगदुमांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "आता तुम्ही माझ्यासमोर उभे आहात. मला तुमचं नाक दिसतंय. कान दिसत न्हाईत."

"म्हणजे?"

"काचबिंदू. दोन्ही डोळे. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तेवढंच. दिवेलागण झाली की तेवढंही न्हाई. चौकात उतरलो तर घरापर्यंत गटाराच्या कडेनं चाचपडत यावं लागतं. दोनदा पडलोय. मारुतीची शप्पथ, तुम्ही कुणाला सांगायचं न्हाई. भजनी मंडळाला कळलं तर म्हणतील, बाबासाहेब, आता घरी बसा. पखवाज दुसऱ्याच्या गळ्यात जाईल. मग मी शनिवारी काय करू?"

हळबे एकदम म्हणाले, "आणि माझी कुंडी?"

"कुठली कुंडी?"

"तुळशीची! पाच वर्षांपूर्वी, तुमची जुनी, हातानं चालवायची गाडी होती तेव्हा. सरळ वरून घातलीत!"

"ती कुंडी होती? मला वाटलं, खड्डा." मगदूम खजील झाले. "दिसली असती तर तुळशीवर चाक घातलं असतं का वो? तसला माणूस वाटलो मी तुम्हाला?"

हळब्यांना अगदी तसलाच वाटला होता. पाच वर्षं ते जास्वंदीला हेच सांगत आले होते. आता मात्र त्यांनी शालनताईंच्या गुडघ्यांचं, चाळीस पावलांचं आणि शनिवारचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मगदुमांचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, तुम्ही इंचांसाठी भांडताय," ते म्हणाले. "वहिनींचं सांगायचं तरी एका शब्दानं! उद्या जागा तुम्ही घ्या. विषय संपला."

"छे! मी कसा घेणार? अंधारात तुम्ही गटारात जाल. जागा तुम्ही घ्या."

"मी पडलो तर उठीन. वहिनींचे गुडघे नवे आहेत."

"गुडघे पुन्हा बसवता येतात, डोळे येतात का?"

"घ्या म्हणतोय ना!"

"मी नाही घेणार म्हणजे नाही!"

आवाज चढले. तळाचा रखवालदार काठी घेऊन धावत आला. "ए आजोबा, जागेवरून भांडायचं न्हाई इथं! तिकडं चाळीस जागा मोकळ्या हायत, घ्या की कुठलीबी!"

दोघे रागारागानं आपापल्या वाटेनं घरी गेले. अकरा वर्षं घेण्यावरून भांडण, आता देण्यावरून. सवय अशी एकाएकी सुटत नाही.

शनिवारी पावणेपाचला शालनताई हिरवी साडी नेसून, हातात काठी घेऊन फाटकाशी खुर्चीवर बसल्या. देवळातल्या पेटीचे सूर गल्लीपर्यंत येत होते. जागा रिकामी होती. पांढरी आली, निळी आली, दोघी मागे सरकल्या आणि फेरीला गेल्या.

"पाच वाजत आले," शालनताई म्हणाल्या. मग त्यांनी मान खाली घातली आणि साडीचा काठ सारखा करत बसल्या. हळब्यांना ते बघवेना. ते तरातरा चालत जागेपर्यंत गेले. पलीकडून पखवाज गळ्यात अडकवून मगदूमही आले. दोघे एकत्र उभे राहिले. तेजलचा न छापलेला उपाय.

गाड्या फेरी मारून परत आल्या आणि दोन बाजूंना थबकल्या.

"दिली!" हळबे ओरडले.

"दिली!" मगदूम त्याच क्षणी ओरडले. टाळ आणि पखवाज एकाच मात्रेवर पडावेत तसे.

"दोघांनीही दिली," पांढरी गाडी नम्रपणे म्हणाली. "घेतली कुणी?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुम्ही म्हणा की."

"आधी तुम्ही म्हणा."

"वहिनी तिथं बसल्यात!"

"म्हणून तर म्हणतोय, उशीर करू नका, घेतली म्हणा!"

"बास!" शालनताई काठी टेकून उठल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. हळबे मदतीला धावले, तर त्यांनी हात झटकला. अकराव्या पावलाला त्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या. "आयुष्यभर कीर्तन ऐकलंत दोघांनी, आणि निम्मंच ऐकलंत. पाटावरून उठा, उठा, तेवढंच कानात राहिलं. अहो, सगळेच उठले तर पाटावर बसणार कोण? बुवांचं काय, ते पान वाढून दमले! वाढलेलं पान कुणीतरी जेवायला नको? देणारे दोघं आणि घेणारं कुणीच नाही, मग ते देणं पडतं कुठं? रस्त्यावर!" त्यांना धाप लागली. "मगदूमभाऊ, तुम्ही मला ही जागा दिलीत?"

"दिली, वहिनी. मनापासून."

"मी घेतली," शालनताई म्हणाल्या. "आणि मला फार बरं वाटलं."

पांढरी गाडी क्षणभर थांबली. यंत्राला हे नवीन होतं. मग ती अगदी हळुवार पुढे आली, शालनताईंच्या पायांशी उभी राहिली, दार उघडलं. निळी फेरीला निघून गेली. हळब्यांनी शालनताईंना आत बसवलं.

"मी येतो हळूहळू मागून," मगदूम म्हणाले. "अजून उजेड आहे. तुम्ही व्हा पुढं."

"आणि येताना?" शालनताईंनी आतून विचारलं.

"येताना बघू. भिंतीला हात लावत..."

"मगदूमभाऊ, आत्ता मी घेतलं ना? मला कमीपणा आला का? आता तुमची पाळी. बसा."

मगदूम दाराशी उभे राहिले. पावसाळ्यात दुसऱ्याच्या छत्रीखाली न जाणारा तो माणूस. त्यांनी पखवाजावर दोनदा बोटं फिरवली. हळब्यांनी त्यांचा दंड धरला, दुसरा हात त्यांच्या डोक्यावर दाराच्या चौकटीपाशी धरला, लागू नये म्हणून, आणि त्यांना आत बसवलं. बसताना मगदुमांच्या तोंडून पुटपुटल्यासारखं काहीतरी निघालं.

"काय म्हणालात?" हळब्यांनी विचारलं.

"घेतली म्हटलं," मगदूम खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आता एकदा म्हटलं ना. टाळ आणलेत का, ते बघा."

गाडी निघाली. बुवांचं नमन संपायच्या आत तिघे पोचले असतील. कारण थोड्याच वेळात वाऱ्यावरून पखवाजाची थाप आली, आणि तिच्यात टाळांची साथ होती.

गल्लीत शांतता झाली. निळी गाडी फेरी मारून परत आली. जागा रिकामी होती. समोर पांढरी नव्हती. 'आधी आपण' म्हणायला कुणीच नव्हतं. निळीनं दोन्ही बाजूंना पाहिलं, फाटकांकडे पाहिलं, आणि रिकाम्या रस्त्याला अदबीनं विचारलं, "घेऊ का?"

कुणी नाही म्हणालं नाही. तिनं आणखी दोन मिनिटं वाट पाहिली. मग ती जागेवर येऊन उभी राहिली, आणि मागचे दिवे तेवढे लुकलुकत ठेवले. कुणी आलंच तर लगेच उठता यावं म्हणून.